पेरा लावायचाय, रेंज आहे का?

श्रावण लागला की आमच्या वस्तीवर एकच विचारणा सुरू होते, "पेरा लावला का गं?" खुरपणीची घाई असो की घरात पाहुणे असोत, याचं उत्तर द्यावंच लागतं. पेरा म्हणजे कोणत्या रानात कोणतं पीक उभं आहे याची सातबाऱ्यावरची नोंद. सातबाऱ्यावर चालू सालाचा पेरा नसला तर पीककर्ज अडतं, विमा अडतो, हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत आणि अनुदानाच्या यादीत नाव येत नाही. आणि हा पेरा आता फोनवरून लागतो.

मी बीड जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली. गाव खाली ओढ्याकडं, आमची वस्ती वर माळाला. नवरा चाकणला कंपनीत. घरी मी, सासूबाई आणि दोन लेकरं. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. रान थोडं आत्यांच्या नावावर, थोडं भावकीत सामाईक. माझं शिक्षण बारावी, आणि स्वतःच्या हातात टचचा फोन असलेली सून तेव्हा वस्तीवर मी एकटीच. कुणी नेमलं नाही, कुणी सांगितलं नाही, पण बायकांचा पेरा लावायचं काम हळूहळू माझ्याकडंच आलं. ते कसं चालतं हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून लिहितेय.

२०२१ पर्यंत पेरा तलाठी लावायचा. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हाक मात्र तलाठी हीच.) नियमाप्रमाणं त्यानं बांधावर येऊन पीक बघायचं. येतो कोण? एका माणसाकडं गावं चार-चार, राहायला तो तालुक्याला. मग गेल्या सालचं बघून यंदाचं लिहायचं. कपाशीच्या रानावर बाजरी लागायची, पडीक तुकड्यावर तूर उभी राहायची. ओळखीच्याचा पेरा बरोबर, बिनओळखीच्याचा देवाच्या हवाली. त्यामुळं १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानंच फोनच्या अ‍ॅपमधून पेरा लावणं, राज्यभर सुरू झाली तेव्हा मला तरी बरं वाटलं होतं. "माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा" असं घोषवाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं. आत्यांना मी ते वाचून दाखवलं. चाळीस वर्षं त्या रानात राबल्या, पण गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, काय लिहायचं हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं की. सांग मग त्यास्नी, कपाशी हाय म्हणून."

सांगायचं कशातून, हा प्रश्न होता. टचचा फोन हवा, त्याला जीपीएस हवं, कॅमेरा हवा, आत जागा हवी, नेटपॅक हवा, वाचता यायला हवं, आणि हे सगळं ज्याच्याकडं आहे त्यानं दिवसाउजेडी रानात हजर असायला हवं. वस्तीवर ही सगळी सामग्री एका माणसापाशी क्वचित असते. फोन असतो तो गड्याकडं, आणि गडी सकाळी बाहेर पडला की फोन त्याच्या खिशात जातो. रानात दिवसभर असते ती बाई, तिच्याकडं बटनाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३८ टक्के निघाल्या आणि पुरुष ६१.५ टक्के. यात मुंबई-पुणंही आलं. आमच्या माळावर तेव्हा विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला मोजायची गरज नाही.

माझा फोनही असाच आलेला. नवऱ्यानं नवा घेतला, जुना मला दिला. बहुतेक घरांत हीच वाट आहे, नवा गड्याला, जुना बाईला, त्याहून जुना लेकराला. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकली तर टिकली. वर रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून महिन्याचा साधा पॅकसुद्धा दोनशेच्या घरात गेला. खुरपणीच्या जवळजवळ एका दिवसाच्या रोजाचा हिशोब आहे हा. त्यामुळं पॅक संपला की बायका लगेच मारत नाहीत. "कोणाला लावायचाय फोन? येऊ दे की त्यांचाच." मग काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच कुठल्या तरी कामाचा ओटीपी त्या नंबरवर येणार असतो.

आता प्रत्यक्ष पेरा कसा लागतो ते सांगते.

अ‍ॅप जुनं चालत नाही. हंगाम आला की नवं उतरवून घ्यायचं. मध्ये तर डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) असं शेपूट लावून वेगळंच आलं. फोनमध्ये जागा नाही म्हणून दरवेळी काहीतरी पुसावं लागतं. धाकट्याच्या वाढदिवसाचे व्हिडिओ असेच गेले. उतरवायला रेंज पाहिजे, ती खंडोबाच्या देवळापाशी. घरात फोन खिडकीच्या कोनाड्यात उभा ठेवला तर वाजतो, हातात घेतला की तुटतो, म्हणून आम्ही सगळे त्या खिडकीला तोंड लावून बोलतो.

अ‍ॅप उघडलं की आधी महसूल विभाग निवडायचा, मग मोबाईल नंबर, मग जिल्हा, तालुका, गाव. मग येतं खरं काम, खातेदार शोधणं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, खाते क्रमांक, गट क्रमांक, कशानंही शोधता येतं म्हणतात. आत्यांना सगळं गाव एका नावानं ओळखतं, रेशनकार्डावर दुसरं आहे आणि सातबाऱ्यावर तिसरंच. आमच्या भागात बाईचं नाव सातबाऱ्यावर "अमुकबाई भ्र. तमुक" असं असतं. भ्र. म्हणजे भ्रतार. आता ते भ्र. पहिल्या नावात धरायचं की मधल्या, ते ज्यानं कॉम्प्युटरवर चढवलं त्यालाच माहीत. बायकांची खाती नावानं शोधत बसू नये, सरळ गट नंबर टाकावा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

पण गट नंबर बाईला ठाऊक असावा लागतो. आमच्याकडं रानांना नावं आहेत. आंब्याचं, चिंचंखालचं, पांढरीचं, वहाळाकडचं. गट नंबर कागदावर, कागद पेटीत, पेटीची किल्ली मालकाच्या करगोट्याला. सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन या म्हटलं की निम्म्या जणी दुसऱ्या दिवशी येतात त्या रिकाम्या हातानं, "ते आल्यावर इचारते" म्हणत.

मग रानात जायचं. घरी बसून पेरा लागू नये म्हणून अ‍ॅप तुमची जागा बघतं, आणि गटापासून लांब असलात तर किती मीटर लांब आहात ते सांगतं. हेतू चांगला आहे. आत्यांच्या सोयाबीनात मी मधोमध उभी, दोन्ही बाजूंनी कमरेएवढं पीक, आणि फोन म्हणतोय तुम्ही निवडलेल्या गटापासून दूर आहात. आत्या खुरपं टाकून आल्या. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मी सकाळधरनं कुणाच्या रानात खुरपतीय?"

याला कारणं दोन. एक तर आभाळ भरलेलं असलं की स्वस्तातल्या जुन्या फोनला जागा पक्की सापडायला वेळ लागतो. थांबायचं, हात वर करून फिरायचं, जीपीएस बंद करून परत चालू करायचं. दुसरं कारण फोनचं नाहीच. आमच्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं तोंडी वाटणी केली, पुढं सोयीनं तुकड्यांची अदलाबदल केली. तुझं विहिरीजवळचं मला, माझं वाटेकडचं तुला. वहिवाट पन्नास वर्षं तशीच आहे, कागद मात्र जुनाच. माणसं भांडली नाहीत म्हणून कुणी मोजणी केली नाही. नकाशा कागदाप्रमाणं चालतो, नांगर वहिवाटीप्रमाणं. मग काय, दोघांचे गट जिथं भिडतात त्या बांधावर जाऊन उभं राहायचं आणि फोन कबूल होईपर्यंत वाट बघायची.

जागा पटली की फोटो. पीक दिसलं पाहिजे, भिंगावर पावसाचा थेंब नको. फोटो निघाला, माहिती भरली, स्वयंघोषणेच्या चौकटीत टिचकी मारली, तरी काम झालेलं नसतं. ते फोनमध्ये साठून राहतं. अपलोड करायला परत खंडोबाचा माळ. रेंज नसली तरी रानात भरता येतं, ही सोय केली हे चांगलंच केलं. फक्त मधल्या वेळात बॅटरी मेली, किंवा पोरानं गेमसाठी अ‍ॅप काढून टाकलं, की सगळं पाण्यात. असं झालेलं घर आमच्या शेजारीच आहे. काही चुकलं तर ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येतं. ज्याला रेंजच दोन दिवसांनी मिळते, त्याला चूक कळेपर्यंत ते तास उलटून गेलेले असतात.

हे सगळं होतं वरवरचं. रेंज, बॅटरी, जागा, यांच्यावर काही ना काही तोड निघते. मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट, आणि ती मला कुणाच्या भाषणात कधी ऐकू आली नाही.

आमच्या डोंगरात एकट्या पिकाची शेती कमी. सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे दोन तास (तास म्हणजे पेरणीची ओळ), कडेनं मूग-उडीद, मध्ये कुठं तीळ, बांधाला अंबाडी. कोणत्या रानात कशाचे किती तास, हे पेरणीच्या वेळी ओटीत बी घेऊन चाललेल्या बाईला तोंडपाठ. अ‍ॅपमध्ये मिश्र पीक असा पर्याय आहे, तो निवडला की प्रत्येक पिकाचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये विचारतं. आत्यांना हेक्टर माहीत नाही. त्यांना विचारलं तर सांगतात, "दीड बॅग सोयाबीन, आन् तूर म्हणशील तर दोन पायल्या." मग मी वहीत मांडणी करते. सोयाबीनची बॅग आमच्याकडं एकरी एक, म्हणजे दीड बॅग दीड एकर, एकर म्हणजे ४० आर, झाले ६०. पण त्या ६० मध्येच तूर आहे, तर तासांच्या प्रमाणात तिचा वाटा काढायचा. बाकीचं मूग-उडीद. सगळं मिळून गटाच्या क्षेत्रापेक्षा जास्त भरलं तर अ‍ॅप घेत नाही. सामाईक खात्यात तर आधी ज्यानं भरलं त्यानं सगळंच क्षेत्र आपल्या नावावर टाकलेलं असलं की मागच्याला जागाच उरत नाही. भाऊबंदकीतली जुनी धुसफूस त्या वेळी फोनच्या पडद्यावर येते. एका घरी तर दीर-भावजयीचं बोलणं बंद होतं, त्यांच्या पेऱ्यासाठी मला दोन्ही ओसऱ्यांवर जाऊन चहा प्यावा लागला.

एवढी मांडणी कशाला, जाता जाता सगळं सोयाबीन लावून टाक, असं मला पोरं सांगतात. त्यांचं तसंच चालतं. मोटारसायकलवर यायचं, रस्त्यालगत उभं राहून एक फोटो, पूर्ण गटाला सोयाबीन, पुढचं रान. बाईला विचारायचं नाही. विचारलं तर वेळ जातो. मग जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते, हमीभाव केंद्रावर नोंदणीला सातबारा मागतात आणि त्यावर तूर नसते. तुरीचं पोतं दारात, कागदावर तूर नाही. मग बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव. घरातली तूर बहुतेक बाईच्या हातचा पैसा असतो, लुगडं-चोळी, लेकीची माघारपाठवणी त्यातून होते. ज्या घरात पेरा पोरानं लावला त्या घरात बाईची तूर गेली, हे मी दोन-तीन हंगाम बघितलं, आणि तेव्हापासून मांडणी केल्याशिवाय पेरा लावत नाही.

ज्यांचं कुणीच नाही ते ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रावर जातात किंवा पेरा लावून देणाऱ्या पोराला पैसे देतात. खात्यामागं पन्नास, कधी शंभर. दोन खाती, दोन हंगाम, वर त्याचा चहा. तलाठी काम नीट करत नव्हता हे खरं, पण त्याचा पगार सरकार देत होतं. आता तेच काम आमच्या पदरात आलंय, आणि त्याचा खर्चही आमच्याच पदरचा. फोनवाल्याला तो दिसत नाही. बिनफोनवालीला तो रोख मोजावा लागतो.

मुदतीत शेतकऱ्यानं पेरा लावला नाही तर पुढं पीक पाहणीसाठी नेमलेला सहायक येऊन लावतो, अशी सोय आहे. आमच्या गावाला एक पोरगा आहे. मी त्याला दोष देत नाही, गट शेकड्यानं, मानधन थोडं, गाडीला तेल स्वतःचं. खालच्या रानांना तो गेला. वर माळाला यायला गाडीवाट नाही. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, तुम्हीच लावा की, तुम्हाला तर येतंय."

२०२४ मध्ये याचा हिशोब सगळ्यांसमोर आला. आदल्या वर्षीच्या, २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला सरकारनं अनुदान दिलं, हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. २० आरपेक्षा कमी असेल तर सरसकट १,०००. याद्या लागल्या त्या ई-पीक पाहणी केलेल्यांच्या. आमच्या वस्तीवर कपाशी सगळ्यांची, पण यादीत नावं निम्मीसुद्धा नाहीत. रस्त्याकडच्या, पोरं शिकलेल्या घरांची होती. राज्यभर ओरड झाली आणि नंतर सातबाऱ्यावर नोंद असेल तरी चालेल असं ठरलं, काहींचं काम त्यात झालं. पण ज्यांचा पेरा ना फोनवरून लागला होता ना तलाठ्याकडून, त्यांनी काय दाखवायचं? वरच्या आळीतल्या एक विधवा काकू यादीसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, "म्हंजी फोनला दिसंल तवाच माझी कपाशी हाय व्हय?" त्या हंगामात त्यांच्या वेच्याला मीही गेले होते. कपाशी होती, चांगली होती.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाड्यात त्या महिन्यात जे पाणी झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. सीना, मांजरा, सिंदफणा, सगळ्यांनी काठ सोडले. आमच्या वहाळाकडच्या रानातली माती खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. पेऱ्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती. पुढं वाढवली, पण वाढवून करायचं काय? फोटो काढायला पीक उभं पाहिजे. ऑगस्टात ज्यांचे फोटो काढून झाले होते त्यांच्या फोनात सोयाबीन हिरवंगार होतं, ज्यांचं राहिलं होतं त्यांच्या रानात गुडघाभर पाणी. वीज गेलेली, टॉवर बंद, खंडोबाच्या माळावरही काही नाही. फोन चार्ज करायला एका घरच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर लावली होती, तिथं रांग. त्या काळात वस्तीवरचा सगळ्यात श्रीमंत माणूस तो ट्रॅक्टरवाला.

पंचनामे झाले. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून आले, वर माळालाही आले, हे सांगायला पाहिजे. पण पंचनाम्यात नाव आलं म्हणजे खात्यावर पैसे आले असं नसतं. ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक निघालेला होता त्यांचं बरंच सरळ झालं. ज्यांचा नव्हता त्यांनी यादीतला विशिष्ट क्रमांक घ्यायचा आणि केंद्रावर जाऊन ई-केवायसी करायची. ओळख क्रमांक काढायला आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आमच्या बायकांचे आधारला जोडलेले नंबर म्हणजे एक इतिहासच आहे. कुणाचा माहेरच्या भावाचा, कुणाचा वारलेल्या नवऱ्याचा, कुणाचा रिचार्ज न मारल्यानं बंद पडलेला. बंद पडलेला नंबर पुढं कंपनी दुसऱ्या कुणाला तरी देते, तेव्हा ओटीपी जातो तो कुठल्या परक्या माणसाला. नंबर बदलायला तेव्हा तालुक्याच्या आधार केंद्रावर स्वतः जावं लागायचं, ७५ रुपये फी, जाण्यायेण्याचं भाडं, रोज बुडतो तो निराळा. तिथं अंगठा लावायचा. ज्या हातांनी कपाशी वेचली, खुरपं धरलं, भांडी राखेनं घासली, त्या हातांचे ठसे लवकर उमटत नाहीत. आत्यांच्या दहा बोटांतलं एक करंगळीशेजारचं बोट चालतं, तेवढं आम्ही आता लक्षात ठेवलंय. केंद्रात गेलं की त्या पहिल्यांदा तेच पुढं करतात.

खरिपाचं हे असं. रब्बीची गोष्ट आणखी वेगळी, आणि ती बीडकरांशिवाय कुणाला सुचायची नाही.

आमच्या वस्तीवरची बरीच घरं ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. २०२५ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला, तोवर कोल्हापूर, सांगली, कराडकडं माणसं पोचलीही होती. येतात ती मार्च-एप्रिलला. जाण्याआधी ज्वारी पेरून जातात. जिरायत ज्वारी, दवावर येते, राखण म्हातारी माणसं करतात. आणि रब्बीचा पेरा लावायची मुदत पडते डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे रान इथं, ज्वारी इथं, खातेदार तिकडं उसाच्या फडात, आणि घरातला एकमेव टचचा फोन त्याच्यासोबत, कारण मुकादमाचा फोन त्यावरच येतो. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आजीकडं बटनाचा.

एका मोबाईलवरून अनेक खातेदारांचा पेरा लावता येतो, त्यामुळं निदान मार्ग आहे. गेल्या रब्बीत मी त्यांच्या रानांत जाऊन फोटो काढले. अवघड गेलं ते बोलणं. सातबाऱ्याची झेरॉक्स कुठं ठेवलीय, गट नंबर काय, हरभरा किती आणि ज्वारी किती, हे विचारायला फोन लावायचा तर माणसं पहाटे चारला फडात जातात आणि रात्री गाडी भरून परततात. कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, वीज असतेच असं नाही, फोन कारखान्याच्या गेटवरच्या टपरीत चार्जिंगला लावलेला. मी दिवसा केला तर टपरीवाला उचलायचा. तो भला माणूस, निरोप द्यायचा. एका रात्री साडेनऊला तिकडून फोन आला, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज. माझी जाऊ बोलत होती. "ताई, वरल्या अंगाला करडई टाकलीय दोन तास, ती बी लाव बरं का. अन् आत्याला म्हणावं पाखरं राखा." करडई दोन तास म्हणजे किती आर, ते मी वहीत काढलं. फार नाही भरत. पण लावली.

चार घरं तरीही राहिली. त्यांच्या कागदाच्या पेट्यांना कुलूप, किल्ली कोपीवर. गट नंबर अंदाजानं टाकला असता तर दुसऱ्याच्याच रानावर पेरा चढला असता, त्यामुळं नाही लावला.

यंदा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. मोबाईल टॉवर मागायला नाही, ते आम्ही कधीचं मागतोय आणि मंजूर झाल्याचंही कधीचं ऐकतोय. मी म्हटलं, याच अ‍ॅपमध्ये गावातल्या खातेदारांची पीक पाहणी बघायची सोय आहे, कुणाचा पेरा लागला ते त्यात हिरव्या रंगात दिसतं. ज्याच्याकडं फोन आहे तो घरबसल्या बघतो. ज्याच्याकडं नाही त्याला मुदत उलटून यादी लागल्यावर कळतं. तर मुदतीच्या पंधरा दिवस आधी राहिलेल्यांची नावं आणि गट नंबर कागदावर काढा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, एक प्रत वर वस्तीवर पाठवा. दुसरं, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स दसऱ्याआधीच गोळा करून ठेवा. तिसरं, सहायक नेमताना वस्तीवरची एखादी शिकलेली सून का चालत नाही?

पहिल्या दोन्हींना माना हलल्या. तिसऱ्याला पुरुषांत थोडं हसू झालं. ग्रामसेवक म्हणाले यादी काढता येईल, प्रिंटरची शाई आली की. इतिवृत्तात लिहून घ्या म्हटलं, ते त्यांनी लिहिलं. मागून आमच्या काकू, त्याच कपाशीवाल्या, मोठ्यानं म्हणाल्या, "शाई कव्हा येनार त्ये बी लिवा."

झेरॉक्स गोळा करायचं काम मी सुरू केलंय. आठवडी बाजारात फोटोकॉपीवाला दोन रुपये पान घेतो. एकोणीस घरांचे गट नंबर आता माझ्या वहीत आहेत, शेजारी रानाचं नाव, आंब्याचं, चिंचंखालचं, आणि प्रत्येकीचं कोणतं बोट चालतं तेही.